मित्राला ब्लूज ऐकवायचंय? स्पॉटिफायच्या तीन सोयी आणि त्यातली कामाची एक

स्पॉटिफायवर दोघांनी मिळून गाणी ऐकायच्या तीन सोयी आहेत: ब्लेंड, जॅम आणि कोलॅबरेटिव्ह प्लेलिस्ट, म्हणजे दोघांनी मिळून भरायची यादी. रॉक आणि ब्लूजमधलं आपलं आवडतं एखाद्या मित्राच्या गळी उतरवायचं असेल, तर तिन्हींतली सर्वांत जुनी आणि दिसायला सर्वांत साधी असलेली यादीच कामाला येते. ब्लेंड गंमत म्हणून ठीक, जॅम एका खोलीत बसलेल्या मंडळींसाठी झकास. मात्र यादीसुद्धा ॲपच्या मूळ सेटिंगवर सोडली तर बिघडते. ब्लूजच्या बाबतीत तर घोटाळा त्याच्याही आधी होतो, कारण शोधल्यावर पहिलं आलेलं गाणं बऱ्याचदा आपल्याला हवं ते नसतंच.

आधी ब्लेंड उरकून टाकू. २०२१मध्ये आलेली ही सोय दोघांच्या (आता जास्तीत जास्त दहा जणांच्या) ऐकण्याचा अंदाज घेऊन स्वतःच यादी बनवते आणि रोज बदलते. अडचण अशी, की ती तुम्ही जास्त वेळा काय ऐकलं ते पाहते. मित्राला काय ऐकवावं असं तुम्हाला वाटतं, ते तिला कळणार कुठून? घरातली मुलं तुमच्याच खात्यावर बालगीतं लावत असतील तर हाउलिन वुल्फच्या शेजारी (ब्लूजचा एक जुना गायक) तीही येऊन बसतात. गाणं घालता येत नाही, क्रम लावता येत नाही. एक उपयोग मात्र आहे: मित्राच्या कानाला सध्या कशाची सवय आहे, हे ब्लेंडमध्ये पाच मिनिटांत कळतं. तिथे पिंक फ्लॉइड किंवा संटाना दिसले तर तिथूनच वाट काढायची. तेवढं पाहून घ्यावं आणि बंद करावं.

जॅम सप्टेंबर २०२३मध्ये आली. प्रीमियम खातं असलेल्याने ती सुरू करायची, बाकीच्यांनी लिंकने, क्यूआर कोड स्कॅन करून किंवा ब्लूटूथ चालू ठेवून फोनजवळ फोन आणून आत यायचं. जास्तीत जास्त ३२ जण. एकाच स्पीकरवर सगळे ऐकत असतील तर फुकट खातेवाल्यांनाही रांगेत गाणी टाकता येतात. कोणाला आत ठेवायचं, कोणतं गाणं काढायचं, आवाज कमीजास्त करायची मुभा पाहुण्यांना द्यायची की नाही, हे सुरू करणाऱ्याच्या हातात असतं. मुभा देऊ नये, हा आमचा सल्ला. रात्री दहानंतर सोसायटीत याचं महत्त्व वेगळं सांगायला नको.

दूर राहणाऱ्या मित्रासोबत जॅम करायची तर दोघांकडेही प्रीमियम लागतं. शिवाय दोन्हीकडचा आवाज तंतोतंत एकाच क्षणी येत नाही, थोडा मागेपुढे होतो. फोनवर बोलत बोलत ऐकायला गेलात तर मित्राकडचं गाणं तुमच्या कानात प्रतिध्वनीसारखं येतं. उपाय एवढाच, की दोघांनी इअरफोन लावावेत किंवा गाणं चालू असताना फोन म्यूट करावा आणि गप्पा मधल्या वेळात माराव्यात. आणखी एक: जॅममध्ये ॲप स्वतःहून गाणी सुचवतं. त्यातली दोन-चार कोणी हौसेने रांगेत टाकली की तुम्ही मनात जुळवलेला क्रम गेलाच म्हणून समजा.

यादी कशी करायची

नवी प्लेलिस्ट करा, ती उघडून माणूस आणि अधिकचं चिन्ह असलेलं बटण दाबा, आलेली लिंक मित्राला पाठवा. ही आमंत्रणाची लिंक सात दिवस चालते. आठवडाभर मित्राने बघितलंच नाही तर नवी पाठवावी लागते. गाण्यापुढे ते कोणी घातलं त्याचं चित्र दिसतं. मित्रालाही गाणी घालता, काढता आणि हलवता येतात. क्रम पक्का ठेवायचा असेल तर दोन याद्या कराव्यात: एक तुमची, जी त्याने फक्त ऐकायची, आणि दुसरी सामायिक, जिच्यात त्याने त्यावरून सापडलेलं काहीबाही टाकायचं. गाण्यागणिक टीप लिहायची सोय नाही, आणि यादीच्या वर्णनाला ३०० अक्षरांची मर्यादा आहे. त्यामुळे काय ऐकायचं त्याच्या ओळी व्हॉट्सॲपवर वेगळ्या पाठवाव्या लागतात. संगीत ऐकवण्याचाच धंदा असलेल्या ॲपमध्ये ही उणीव खटकते.

लांबी ५० ते ५५ मिनिटं, म्हणजे साधारण १२ गाणी. त्यापेक्षा मोठी यादी मित्र 'नंतर ऐकतो' म्हणून ठेवून देतो. ऑलमन ब्रदर्सचं 'व्हिपिंग पोस्ट' फिलमोर ईस्टच्या १९७१च्या लाइव्ह अल्बमवर सुमारे २३ मिनिटांचं आहे. ते यादीत घालू नये. ज्याला बाकीचं आवडलं त्याला ते मागाहून स्वतंत्र पाठवावं. १९६९ची स्टुडिओतली आवृत्ती पाच मिनिटांच्या आसपास आहे, ती चालेल.

आता सेटिंग्ज. पहिलं काम म्हणजे क्रॉसफेड शून्यावर आणणं. ही सोय एका गाण्याची शेपटी दुसऱ्याच्या डोक्यावर चढवते, शून्यापासून १२ सेकंदांपर्यंत. पार्टीत ठीक, पण ब्लूजमध्ये शेवटचा स्वर विरत जाणं हा गाण्याचाच भाग असतो. त्याच जागी गॅपलेस, म्हणजे दोन गाण्यांत खंड न पडू देणारी सोय, चालू ठेवा. झेडझेड टॉपच्या १९७३च्या 'त्रेस ओंब्रेस'वरची पहिली दोन गाणी, 'वेटिन फॉर द बस' आणि 'जीझस जस्ट लेफ्ट शिकागो', एकमेकांना चिकटलेली आहेत. मध्ये श्वास घ्यायलाही जागा नाही. लेड झेपेलिनच्या दुसऱ्या अल्बमवर 'हार्टब्रेकर' आणि 'लिव्हिंग लव्हिंग मेड' यांचंही तेच. अशी जोडी यादीत घातली तर दोन्ही घाला, लागोपाठ घाला आणि शफल बंद आहे ना ते मित्राकडूनही तपासून घ्या. साध्या शफलपेक्षा स्मार्ट शफल जास्त घातक, कारण ते तुमच्या यादीत न मागता स्वतःची गाणी मिसळतं. ऑटोप्लेही बंद. नाहीतर यादी संपल्यावर ॲप तसलंच काहीतरी लावत राहतं आणि मित्राला वाटतं तेही तुम्हीच निवडलंय.

आवाजाच्या पातळीचं प्रकरण जरा सविस्तर. १९३६चं मोनो (दोन्ही कानांत एकच आवाज असलेलं) रेकॉर्डिंग आणि अलीकडे रीमास्टर केलेलं रॉक शेजारी आलं की एकाला आवाज वाढवावा लागतो आणि दुसरं कान फोडतं. म्हणून मिश्र यादीला नॉर्मलायझेशन, म्हणजे सगळ्या गाण्यांचा आवाज एका पातळीवर आणणारी सोय, चालू हवंच. त्यात तीन पातळ्या आहेत: लाऊड सुमारे उणे ११ एलयूएफएस (आवाज कानाला किती मोठा वाटतो त्याचं माप), नॉर्मल उणे १४, क्वाएट उणे १९. लाऊड निवडलं तर हळू आवाजाच्या गाण्यांना वर ओढण्यासाठी लिमिटर, म्हणजे जोराचा आवाज दाबणारी यंत्रणा, लागतो, आणि ब्लूजमधली गंमत ज्यात आहे तो हळू-जोरातला फरकच चेपला जातो. नॉर्मलवर ठेवा. अखंड अल्बम ऐकताना ॲप सगळ्या अल्बमला एकच माप लावतं, त्यामुळे तिथे आतला चढउतार शाबूत राहतो. यादीत मात्र प्रत्येक गाण्याला वेगळं माप, म्हणून अल्बममधलं मुद्दाम हळू ठेवलेलं गाणं यादीत शेजाऱ्याइतकंच मोठं वाजतं.

डेटाचा हिशेब सोपा आहे. ३२० केबीपीएसला तासाला सुमारे १४४ एमबी, १६०ला ७२, ९६ला ४३. जुन्या ७८ आरपीएम तबकड्यांवरून घेतलेल्या गाण्यांना १६०च्या वर जाऊन फारसं काही मिळत नाही. झेपेलिनची झांज किंवा स्टीव्ही रे व्हॉनच्या गिटारची धार ऐकायची तर मात्र ३२०. कोणत्या प्लॅनमध्ये कुठपर्यंतचा दर्जा मिळतो, ते पैसे भरण्याआधी बघून घ्यावं.

लोकलमध्ये किंवा कट्ट्यावर एकच इअरफोन दोघांत, एक कान तुला एक मला, असं ऐकणार असाल तर प्लेबॅकमधला मोनो ऑडिओ चालू करा. १९६०च्या दशकातल्या बऱ्याच स्टिरिओ मिक्समध्ये वाद्यं टोकाला ढकललेली असतात, म्हणजे गिटार पूर्ण डावीकडे तर ड्रम पूर्ण उजवीकडे. मोनो न करता ऐकलं तर अर्धा बँड तुमच्याकडे आणि अर्धा मित्राकडे. मूळची मोनो रेकॉर्डिंग्ज यातून आपोआप सुटतात.

गाणं तेच, पण कोणतं?

स्पॉटिफायवर ब्लूज ऐकवण्यातली सगळ्यात मोठी डोकेदुखी इथे आहे. एकाच गाण्याच्या डझनभर नोंदी दिसतात आणि त्यांतल्या निम्म्या भिकार असतात. याला कारण आहे. युरोपात ध्वनिमुद्रणाचा हक्क पूर्वी ५० वर्षांचा होता. २०१३मध्ये तो ७० वर्षांचा झाला, पण ज्यांची मुदत आधीच संपली होती ती रेकॉर्डिंग्ज परत हक्कात आली नाहीत. म्हणजे १९६२पर्यंत प्रसिद्ध झालेला ब्लूजचा जवळपास सगळा खजिना तिथे मोकळा झाला. परिणामी कोणीही उठतो, जुन्या तबकडीवरून किंवा दुसऱ्याच्या सीडीवरून कॉपी करतो, खरखर काढायच्या नादात वरचे स्वरही खरवडून टाकतो आणि 'बेस्ट ऑफ' नावाचा संग्रह चढवतो. आवाज गोधडीत गुंडाळल्यासारखा येतो आणि मित्र म्हणतो, जुनं आहे, असंच असणार. तसं नसतं.

ओळखायचं कसं? गाण्यासमोरच्या वर्षावर जाऊ नका, ते त्या संग्रहाचं वर्ष असतं. अल्बमच्या पानावर अगदी खाली जाऊन हक्काची ओळ वाचा. मडी वॉटर्स, हाउलिन वुल्फ यांची चेस कंपनीची मूळ रेकॉर्डिंग्ज आज युनिव्हर्सल समूहाकडे आहेत. खाली गेफेन किंवा युनिव्हर्सल दिसलं तर बहुधा मूळ टेपवरून आलेलं. रॉबर्ट जॉन्सनची १९३६ आणि १९३७ची २९ गाणी कोलंबियाने १९९०मध्ये एकत्र काढली, तो संच घ्यावा. त्यात काही गाण्यांचे दोन-दोन टेक, म्हणजे एकाच गाण्याची दोन वेगळी मुद्रणं, आहेत. 'क्रॉस रोड ब्लूज'चेही. यादीत एकच घाला.

दुसरी खूण गाण्याच्या लांबीची. दहा इंची ७८च्या तबकडीच्या एका बाजूवर साधारण तीन मिनिटं मावत. त्यामुळे १९४०च्या दशकातलं म्हणून दाखवलेलं स्टुडिओतलं गाणं सहा मिनिटांचं असेल तर ते नक्कीच नंतरचं रेकॉर्डिंग. मडी वॉटर्सचं 'मॅनिश बॉय' हे ठळक उदाहरण: १९५५चं चेसवरचं तीन मिनिटांच्या आत संपतं, १९७७च्या 'हार्ड अगेन'वरचं पाच मिनिटांच्या वर जातं. दुसऱ्याची निर्मिती गिटारवादक जॉनी विंटरची, आणि मागे सगळी मंडळी आरडाओरडा करत साथ देतात. रॉकच्या वाटेने येणाऱ्या मित्राला आधी १९७७चंच द्यावं, असं आमचं मत.

नावांचे घोळ वेगळेच. सनी बॉय विल्यमसन नावाचे दोन हार्मोनिकावाले झाले. पहिला १९४८मध्ये गेला. दुसरा, ज्याला राइस मिलर म्हणत, १९६५मध्ये. त्यामुळे नुसत्या नावाने शोधू नये, गाण्याच्या नावासकट शोधावं. जॉन ली हूकरने १९५०च्या आसपास निरनिराळ्या कंपन्यांसाठी टेक्सस स्लिम, जॉन ली बूकर अशा टोपणनावांनी रेकॉर्डिंग केलं, आणि आपलीच गाणी पुढे अनेकदा पुन्हा गायली. १९४८चं 'बूगी चिलन' हवं असेल तर एकटी गिटार आणि लाकडावर आपटणारा पाय एवढंच ऐकू यायला हवं. टी-बोन वॉकरचं १९४७चं 'कॉल इट स्टॉर्मी मंडे' शोधताना अर्ल हाइन्स आणि बिली एकस्टाइन यांचं १९४२चं 'स्टॉर्मी मंडे ब्लूज' समोर येतं. ते पूर्णपणे दुसरं गाणं आहे. फ्लीटवूड मॅकच्या पानावर गेलात तर वर १९७५नंतरचं पॉप येणार. पीटर ग्रीनचा ब्लूजवाला बँड हवा असेल तर १९६८-६९पर्यंत खाली उतरावं लागतं. 'ब्लॅक मॅजिक वुमन' मुळात तिथलं, १९६८चं. संटानाने ते १९७०मध्ये गाजवलं. आणि मित्र विचारणारच म्हणून: बी. बी., ॲल्बर्ट आणि फ्रेडी हे तिघे किंग एकमेकांचे कोणीही नाहीत.

क्रम

वर्षांच्या क्रमाने लावू नका. १९२९च्या खरखरीने सुरुवात केली की मित्र तिसऱ्या गाण्याला गळतो. रॉक आधी, मूळ मागून, अशा जोड्या लावाव्यात. 'व्हेन द लेव्ही ब्रेक्स' लेड झेपेलिनचं, १९७१चं, सात मिनिटांचं: ड्रम हेडली ग्रेंज नावाच्या घराच्या जिन्याखालच्या दालनात ठेवले होते आणि मायक्रोफोन वर जिन्यात टांगले होते, म्हणून तो आवाज एवढा पोकळ आणि अवाढव्य. त्यापाठोपाठ मेम्फिस मिनी आणि कॅन्सस जो मॅकॉय यांचं १९२९चं मूळ: दोन गिटार, ड्रमचा पत्ता नाही, १९२७च्या मिसिसिपीच्या पुरावरचं गाणं. तसंच क्रीमचं 'क्रॉसरोड्स', १० मार्च १९६८ला सॅन फ्रान्सिस्कोच्या विंटरलँडमध्ये लाइव्ह, आणि मग रॉबर्ट जॉन्सनचं मूळ 'क्रॉस रोड ब्लूज'. रोलिंग स्टोन्सचं १९६४चं 'लिटल रेड रूस्टर', जे ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेलं, आणि मग वुल्फचं १९६१चं. स्टीव्ही रे व्हॉनचं १९८३चं 'टेक्सस फ्लड' आणि लॅरी डेव्हिसचं १९५८चं. सलग चारपेक्षा जास्त जोड्या नकोत, यादीचा वर्ग व्हायला लागतो. मध्ये बी. बी. किंगचं १९६९चं 'द थ्रिल इज गॉन' एकटं ठेवावं.

व्हॉट्सॲपवरच्या टिपेत आपल्याकडच्या कानाला लगेच पकडता येतील अशा दोन गोष्टी लिहाव्यात. एक, बारा बारचं आवर्तन: प्रत्येक बारमध्ये चार मात्रा, म्हणजे ४८ मात्रांनी पुन्हा समेवर. पहिल्या चार बारमध्ये ओळ, पुढच्या चारमध्ये बहुधा तीच ओळ, शेवटच्या चारमध्ये तिचा निकाल. हाताने मोजत ऐकलं की दोन गाण्यांत रचना बसते. (हूकरवर मोजू नका. तो बऱ्याचदा एकाच कॉर्डवर बसून राहतो आणि बार मनाला येईल तसे लांबवतो.) दुसरं, तार ओढून स्वर वर नेणं. सतारीवरची मींड ज्याने ऐकली आहे, त्याला बी. बी. किंग एका स्वरावर एवढा वेळ का रेंगाळतो हे वेगळं समजावावं लागत नाही. किंग गाताना गिटार वाजवत नाही. ओळ संपली की गिटार उत्तर देते. एवढं लिहिलं तरी पुरे.

कॅटलॉग आणि खाती

भारतात स्पॉटिफाय फेब्रुवारी २०१९मध्ये आलं तेव्हा वॉर्नर या संगीत कंपनीशी वाद चालू होता; प्रकरण मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गेलं होतं. सुरुवातीचं वर्षभर इथल्या खात्यांवर लेड झेपेलिनसारखे वॉर्नरचे कलाकार नव्हतेच, एप्रिल २०२०मध्ये करार झाल्यावर ते आले. नील यंगने जानेवारी २०२२मध्ये आपली गाणी काढून घेतली आणि मार्च २०२४मध्ये परत आणली. सांगायचा मुद्दा, यादीतलं गाणं उद्या करडं पडू शकतं, म्हणजे दिसतं पण वाजत नाही. मित्र परदेशात असेल तर तुमच्याकडे वाजणारं गाणं त्याच्याकडे करडं दिसू शकतं, कारण हक्क देशागणिक वेगळे असतात. अशा वेळी त्याच गाण्याची दुसऱ्या अल्बमवरची नोंद त्यालाच शोधून घालायला सांगावी. सामायिक यादीचा इथे खरा फायदा होतो. तुमच्या संगणकावरच्या एमपी३ फाइल यादीत घालता येतात, पण मित्राला त्यांचं नुसतं नाव दिसेल, वाजणार नाहीत.

मित्राचं खातं फुकटचं असेल तर अपेक्षा कमी ठेवा. ऑक्टोबर २०२३मध्ये भारतातल्या फुकट खात्यांवर बरीच बंधनं आली. सप्टेंबर २०२५पासून हवं ते गाणं निवडून वाजवायची आणि मित्राने पाठवलेलं गाणं थेट ऐकायची मुभा मिळाली, पण तिला रोजची मर्यादा आहे, आणि जाहिराती आहेतच. झेपेलिन आणि मेम्फिस मिनी यांच्या मध्ये जाहिरात आली की जोडीचा जीव जातो. अशा मित्राला अख्खी यादी पाठवू नये. दोन दिवसांआड एक जोडी, दोन वेगळ्या लिंक, खाली टीप, एवढंच पाठवावं.

ज्याला या सगळ्या पाहुण्या गाण्यांमुळे आपल्या शिफारशी बिघडतील अशी धास्ती आहे, त्याने यादीच्या तीन टिंबांमध्ये जाऊन ती 'टेस्ट प्रोफाइल'मधून, म्हणजे ॲपने ठेवलेल्या आपल्या आवडीच्या नोंदीतून, वगळावी. दोन महिन्यांनी ब्लूज आवडायला लागला, तर त्याच मेनूतून ती परत आत घेता येते.